सायलेन्सर : तयार घ्यावा की बनवून? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (रत्नागिरी) : माझी 2013 ची पेट्रोल स्विफ्ट आहे. मागचा सायलेन्सर खालून सडून भोक पडलंय. कंपनीचा पार्ट महाग वाटतो. बाजारात डुप्लिकेट मिळतो. हायवेवरचा सायलेन्सरवाला म्हणतो, ‘अख्खी लाइन स्टेनलेसची बनवून देतो, जन्मभर बघायला नको.’ काय करू?

उत्तर : तयारच घ्या, आणि फक्त मागचा भाग. पुढचा पाइप ठणठणीत असताना अख्खी लाइन, म्हणजे इंजिनपासून मागपर्यंतचा सगळा पाइप, बदलण्यात अर्थ नाही. मागचाच डबा (सायलेन्सर) आधी सडतो त्याला कारण आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. रोजची फेरी दोन-तीन किलोमीटरचीच असेल तर मागचा डबा पुरेसा तापत नाही. वाफेचं पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खातं. खारी हवा बाहेरून हातभार लावते. आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास चालवलीत तर नवा डबा नक्कीच जास्त टिकेल.

डुप्लिकेट घ्यायला हरकत नाही, पण जुना डबा सोबत घेऊन जा. दोन्ही हातांत तोलून बघा. नवा बराच हलका लागला तर पत्रा पातळ आहे किंवा आतले पडदे कमी आहेत. मग दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवा आणि फ्लँजची (पाइप जोडायच्या पट्टीची) भोकं, हँगरचे (डबा लटकवायचे) दांडे, टेलपाइपचा कोन जुळवून पाहा. ‘स्विफ्टचा द्या’ एवढं सांगून भागत नाही. 2010 मध्ये 1.3 पेट्रोल जाऊन 1.2 आलं, आणि डिझेलची लाइन वेगळीच आहे. डब्याच्या तळाला 2-3 मिलिमीटरचं भोक दिसलं तर ते पाणी निचरायला मुद्दाम ठेवलेलं असतं. ‘लीक आहे’ म्हणून मेकॅनिकला ते वेल्डिंगने बुजवू देऊ नका.

बसवताना जुन्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पॅकिंग, नटबोल्ट आणि हँगरची रबरं नवी घाला. सगळं सैल लटकवून आधी सरळ करून घ्या, मग पुढून मागे आवळत या. शेवटी थंड इंजिन चालू करून जॉइंटवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडा आला की पॅकिंग नीट बसलेलं नाही.

राहता राहिलं ‘जन्मभराचं स्टेनलेस’. ग्रील आणि रेलिंगचं 202 नंबरच्या प्रतीचं स्टील त्या नावाखाली सर्रास खपवलं जातं. आणि चुंबक लावून बघण्याचा भरवसा धरू नका. 202 लाही चुंबक चिकटत नाही आणि त्याहून चांगल्या 304 लाही नाही. उलट कंपन्या सायलेन्सरला वापरतात त्या 409 ला तो चिकटतो. 409 वर वरवर तांबूस गंज धरतो, पण तेवढ्याने पत्रा सडत नाही.

प्रश्न (पुणे) : माझ्याकडे 1.0 टर्बो पेट्रोल, तीन सिलिंडरची गाडी आहे. आवाज थोडा भरदार आणि ताकद वाढलेली हवी. तयार कॅट-बॅक किट (धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरच्या मागची तयार लाइन) घ्यावं, की 63 मिमी पाइपाची लाइन बनवून घ्यावी?

उत्तर : ताकदीचं आधी. कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलून हाती फारसं काही लागत नाही. आजच्या टर्बो गाड्यांत किती टॉर्क द्यायचा ते ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो. पाइप मोकळा केला तरी तो बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) त्याच हिशेबात ठेवतो. 110-120 हॉर्सपॉवरला 50 मिमी पाइप पुरतो. 63 मिमी ही त्याहून बऱ्याच मोठ्या इंजिनांची साइज आहे. इथे तिचा उपयोग आवाज वाढण्यापलीकडे नाही.

आणि आवाजातच खरी गोम आहे. तीन सिलिंडरचं इंजिन 2500 आरपीएमला सेकंदाला साधारण 62 ठोके देतं. हायवेवर टॉप गिअरमध्ये नेमकं याच पट्ट्यात तासन्‌तास राहावं लागतं. डबा त्या ठोक्यासाठी जुळवलेला नसेल तर केबिन घुमू लागते आणि मुंबई गाठेपर्यंत डोकं धरतं. हा घुमारा मारायला लाइनला एका टोकाने बंद असलेली उपनळी जोडतात. तिची लांबी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या पाव भागाएवढी लागते. गरम वायूतला ध्वनीचा वेग धरला तर ती 1.7 ते 1.9 मीटर भरते. हॅचबॅकच्या पोटाखाली एवढी जागा काढणं जवळपास अशक्यच. तयार किटचा फायदा इथेच आहे : चांगल्या बनावटीच्या किटमध्ये डब्याचा आकार आणि रेझोनेटरची (घुमारा मारणाऱ्या भागाची) जागा त्या गाडीवर चालवून ठरवलेली असते. बनवून घेतलेल्या लाइनमध्ये ती चाचणी तुमच्याच गाडीवर, तुमच्याच पैशांनी होते. मात्र बाहेरदेशी किट मागवताना ते भारतातल्या मॉडेलवर बसतं का, हे लेखी विचारा. मागचा बंपर आणि जमिनीपासूनची उंची वेगळी असू शकते, आणि आपल्या स्पीडब्रेकरशी गाठ पहिल्याच दिवशी पडते.

तरीही बनवूनच घ्यायचं असेल तर कारागिराशी हे आधी ठरवा. कन्व्हर्टर आणि त्याच्या पुढचा-मागचा ऑक्सिजन सेन्सर यांना हात लावायचा नाही. कन्व्हर्टर काढला की त्याच्या बिघाडाचा पी0420 कोड येऊन इंजिनचा दिवा लागतो. पहिल्या सेन्सरआधी बारीकशी फट राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं, तो पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज पडतं. पाइप 304 चा, 1.5 मिमी जाडीचा. वळणं मँड्रेल मशीनवरची, म्हणजे पाइपाला आतून आधार देऊन वाकवलेली. साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप वळणात चपटा होतो आणि 50 मिमीचे पैसे मोजून तिथे 40-42 च उरतात. गाडीखाली नुसते टाके मारायचे, तेही बॅटरीची निगेटिव्ह काढून. पक्कं वेल्डिंग लाइन खाली उतरवून, आर्गन वायू वापरून, आणि पाइपाच्या आतूनही आर्गन सोडून. तसं केलं नाही तर सांध्याच्या आतल्या बाजूला काळी, खरबरीत, जळक्या साखरेसारखी खपली धरते, आणि पुढे सांधा तिथूनच तडकतो. म्हणून टॉर्च घेऊन पाइपाच्या आत डोकावून बघा. बाहेरून पॉलिश केलेला सांधा बघून काहीच कळत नाही. पेट्रोल टाकी आणि ब्रेकच्या नळ्यांपासून पुरेसं अंतर हवं, आणि इंजिनजवळचा लवचीक पाइप कायम ठेवा.

कायदाही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. कलम 182-अ खाली अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाच्या मर्यादेसाठी कलम 190(2) आहे : 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. पीयूसी मिळाली म्हणजे सुटलो असं नाही, तिथे आवाज मोजतच नाहीत. म्हणून किट असो वा बनवलेली लाइन, ती बोल्टने सुटणारी हवी, आणि मूळ सायलेन्सर माळ्यावर राहू द्या.

प्रश्न (कोल्हापूर) : वडिलांची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणतोय. सायलेन्सर लाइन कुठेच धड मिळत नाही.

उत्तर : बनवून घेणं खरं शोभतं ते इथे. जुनी लाइन कितीही सडलेली असली तरी फेकू नका, तोच नमुना. तुकडे झाले असतील तर जमिनीवर मांडून खडूने पूर्ण आकार काढून घ्या. व्यास कॅलिपरने मोजा आणि तेवढाच ठेवा. 1089 सीसीच्या इंजिनाला मोठा पाइप दिला तर वायूचा वेग मंदावतो आणि चढावर गाडी ढेपाळते.

304 चा हट्ट धरू नका. तापल्यावर ते जास्त वाढतं. तीन मीटरची लाइन सरासरी 250 अंशांनी तापली तर 304 सुमारे 13 मिमी लांबतं, साधं स्टील 9 मिमी. लाइन चेसिसला घट्ट बांधली असेल तर हा सगळा ताण मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या पहिल्या भागाच्या) फ्लँजवर येतो आणि तिथलाच पाइप तुटतो. 1.6 मिमी जाडीचा साधा किंवा ॲल्युमिनियमचा थर दिलेला पाइप घ्या. गिअरबॉक्सजवळ एक आधार द्या आणि त्यामागे सगळीकडे रबरी हँगर. डबा मात्र बनवू नका. तयार, त्याच व्यासाचा, आतून पडदे असलेला आणा. घरगुती डब्याचा आवाज ट्रॅक्टरसारखा येतो.

प्रश्न (नाशिक) : बीएस-6 डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून सरळ पाइप टाकून देतो, असं गॅरेजवाला म्हणतो.

उत्तर : गॅरेज बदला. डीपीएफ भरला असेल तर आधी हायवेवर 20-25 मिनिटं सलग, 2000 आरपीएमच्या वर गाडी चालवा. काजळी जळून जाते. नाही गेली तर स्कॅनर लावून रिजनरेशन (काजळी जाळायची प्रक्रिया) करून घ्या. एवढं करून पुन्हापुन्हा भरत असेल तर दोष इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा प्रेशर सेन्सरमध्ये शोधा.