परदेशी कार्टूनांनी भारतीय अ‍ॅनिमेशन घडवलं की बिघडवलं?

डिस्ने आणि जपानी कार्टूनांमुळे आपलं अ‍ॅनिमेशन नुसतं नकलेपुरतं उरलं का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. बाहेरून आधी आलं ते शिक्षण, नंतर आला तो तयार माल. शिक्षणाने आपलं भलंच केलं, कोंडी केली ती मालाने.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली ‘जंबूकाका’ हा अ‍ॅनिमेशनपट केला होता, पण सलग काम सुरू झालं ते १९५६ मध्ये, मुंबईत फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेचा कार्टून विभाग निघाल्यावर. तिथे शिकवायला आले क्लेअर वीक्स, डिस्नेच्या ‘बांबी’ या चित्रपटावर काम केलेले. भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. या मंडळींनी १९५७ साली जातककथेवर ‘द बनियन डिअर’ हा लघुपट केला. मिळाला तर जरूर बघा. हालचालींचं तंत्र डिस्नेच्या तालमीतलं, पण रेखाटनाला आधार अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा. याला नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डिस्नेची पद्धत मात्र आपल्या खिशाला झेपणारी नव्हती. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटी. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी १२ चित्रं काढावी लागतात. मग कमी चित्रांत गोष्ट सांगायची रीत पडली. विजया मुळे आणि भीमसेन यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट आठवा. साध्या रेषा, मोजक्या हालचाली, तरी सगळे पक्षी जाळ्यासकट उडतात तेव्हा आजही बरं वाटतं!

कोंडी झाली नव्वदीत. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क इथे आलं. परदेशी मालिकांचा खर्च बाहेर आधीच वसूल झालेला, इथे फक्त डबिंगचा खर्च. त्या भावात नवी देशी मालिका कोण करणार? मग आपल्या स्टुडिओंनी बाहेरची कामं घेतली. कथा, पात्रं, स्टोरीबोर्ड (प्रसंगांचे चित्रमय आराखडे) तिकडून यायचे. हालचालीच्या मुख्य चित्रांमधली चित्रं आणि रंगकाम इथे. हजारोंना रोजगार मिळाला, हे खरंच. पण गोष्ट रचायची सवय मोडली, आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

‘छोटा भीम’ची चित्रं मला फारशी आवडत नाहीत. तरीही २००८ मध्ये हैदराबादच्या एका स्टुडिओने स्वतःचं पात्र चॅनेलवर आणून वर्षानुवर्षं टिकवलं, याचं मोल मी मोठं मानतो. त्यानंतर ‘मोटू पतलू’सारख्या मालिकांसाठी चॅनेलवाले पैसे घालायला तयार झाले.