पालिकेची तिजोरी रिकामी असेल, तर सफाई कामगाराचे किमान वेतन कापता येते का?

तुमच्या पत्राचा सारांश आधी देतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ कळेल. तुमच्या आई सहा वर्षांपासून एका महापालिकेच्या हद्दीत ठेकेदारामार्फत रस्ते झाडण्याचे काम करतात. दरमहा त्यांच्या बँक खात्यात पूर्ण पगार जमा होतो, पण दोन-तीन दिवसांतच मुकादम त्यांच्याकडून आणि त्यांच्याबरोबरच्या सर्व बायकांकडून प्रत्येकी साडेचार हजार रुपये रोख परत घेतो. कारण विचारले, की ठेकेदार सांगतो : जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, घरपट्टी थकली आहे, किमान वेतन वाढवून राज्य सरकार मोकळे झाले, पण पालिकेला त्यासाठी एक रुपयाही मिळाला नाही, तेव्हा हा फरक कोणी भरायचा? प्रभागाच्या माजी नगरसेवकांनी तुम्हाला मंत्रालयात जायला सांगितले. आता ठेकेदाराने ‘मला पूर्ण वेतन मिळाले असून माझी कोणतीही तक्रार नाही’ असे लिहिलेला मुद्रांकित कागद सह्यांसाठी फिरवला आहे. पैसे कोणाकडे मागावेत, सही केली तर हक्क जातो का आणि येत्या ३१ मार्चला ठेका संपल्यावर सगळेच संपते का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

ठेकेदाराच्या कारणापासून सुरुवात करतो, कारण त्यात थोडे तथ्य आहे आणि त्यामुळेच ते ऐकणाऱ्याला पटते. महाराष्ट्रातील महापालिकांना मोठे उत्पन्न जकातीतून मिळत असे. मुंबईबाहेर तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत टिकली. त्यानंतर राज्याने २०१७ च्या कायद्याने पालिकांना दरवर्षी ८ टक्के वाढीसह भरपाई देण्याचे बंधन स्वतःवर घेतले. परंतु स्वतः वसूल केलेला कर आणि मंत्रालयातून येणारा हप्ता यांत फरक आहे, आणि तो पालिकांना जाणवतो. घरपट्टीच्या बाबतीतही हेच दिसते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळालेली माफी किंवा पुण्यात राहत्या घरांना पुन्हा सुरू झालेली ४० टक्क्यांची सवलत हे निर्णय अखेर राज्य मंत्रिमंडळात झाले, उत्पन्न मात्र पालिकांचे घटले. पालिकांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७४ व्या घटनादुरुस्तीनंतरही कोणता कर किती लावायचा हे पालिका राज्याच्या कायद्याच्या चौकटीतच ठरवू शकते, आणि किमान वेतनाचा दर तर राज्यच ठरवते. ही पालिकांची तक्रार मी खोटी मानत नाही.

ती तक्रार खरी असली, तरी कायद्याने ती तुमच्या आईंच्या वेतनाविरुद्धचे उत्तर ठरत नाही. मालकाला परवडत नाही हा किमान वेतनाविरुद्धचा बचाव होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकापासून वारंवार स्पष्ट केले आहे. १९८० मध्ये मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेने गटारे बांधायला पैसे नाहीत असे सांगितले, तेव्हा कायद्याने सोपवलेले कर्तव्य निधीअभावी टाळता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने ठणकावले. १९८२ च्या एशियाड (दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धा) बांधकाम मजुरांच्या खटल्यात तर न्यायालयाने याहून पुढे जाऊन, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २३ ने मनाई केलेली वेठबिगारी आहे, असे ठरवले. पुढच्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांवरच्या मजुरांबाबत, मदतकार्य आहे म्हणून सरकारलाही कमी मजुरी देता येणार नाही, असा निकाल आला. ठेका पालिकेचा असो वा कोणाचा, हे सगळे तुमच्या आईंच्या प्रकरणाला थेट लागू होते. करांचा वाद महापालिका आणि राज्य सरकार यांनी वित्त आयोगापुढे, अर्थसंकल्पात आणि निवडणुकीत मिटवायचा आहे. त्या वादात तुमच्या आई पक्षकार नाहीत, त्यामुळे त्यातली तूट त्यांच्या पगारातून भरून काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. माजी नगरसेवकांनी दाखवलेली मंत्रालयाची वाट म्हणूनच चुकीची आहे. तुमचे काम जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात आहे.

आता पैसे परत घेण्याच्या प्रकाराकडे येतो. प्रकरणातील सर्वांत अवघड भाग हाच आहे. बँकेत पूर्ण रक्कम जमा होत असल्याने ठेकेदाराचे कागद स्वच्छ दिसतात, आणि ते तसे दिसावेत म्हणूनच ही पद्धत रूढ झाली आहे. मात्र कायद्याने ही वाट आधीच अडवून ठेवली आहे. कामगाराने मालकाला किंवा त्याच्या हस्तकाला दिलेली रक्कम ही वेतनातून केलेली कपात मानली जाईल, असे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ मध्येही तीच तरतूद कायम आहे. म्हणजे मुकादमाच्या हाती गेलेले साडेचार हजार रुपये कायद्याच्या नजरेत पगारातून कापलेलेच आहेत, आणि ती कपात बेकायदा आहे. कामावरून काढण्याचा धाक दाखवून हे पैसे घेतले जात असतील, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालील खंडणीचा गुन्हाही होऊ शकतो. तरीही पोलीस ठाण्यात जाण्याआधी पुरावा जमवा, असा माझा सल्ला आहे.

पुरावा रोखीचा नसला, तरी रोखीच्या मागावर असतो. वीस-पंचवीस बायकांच्या पासबुकांत पगार जमा झाल्यावर दोन दिवसांच्या आत तीच रक्कम, बहुधा त्याच एटीएममधून, दर महिन्याला निघालेली दिसली, तर तो योगायोग आहे असे कोणताही अधिकारी सहजासहजी मानणार नाही. कोणी मुकादमाला मोबाइलवरून पैसे पाठवले असतील, तर ती नोंद जपून ठेवा. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक काढून किती वेतनावर वर्गणी भरली आहे हे पाहा. पुष्कळदा ठेकेदार तेथे वेगळाच आकडा दाखवतो. माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून पालिकेकडून कार्यादेश, निविदेतील प्रतिकामगार वेतनदराचे पृथक्करण, ठेकेदाराची मंजूर बिले आणि हजेरीपट यांच्या प्रती मागा. या कागदांपैकी दरपृथक्करण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पालिकेने स्थानिक प्राधिकरणातील रोजगारासाठी ठरलेला दर आणि महागाईनुसार दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता धरूनच बिल मंजूर केले असेल, तर पालिकेकडे पैसे नाहीत हे ठेकेदाराचे म्हणणे कागदावरच खोटे ठरते. उलट पालिकेने किमान वेतनाहून कमी दराची निविदा डोळ्यांदेखत स्वीकारली असेल, तर दोषात तीही भागीदार आहे.

पैसे कोणाकडे मागायचे, याचे उत्तर आहे : दोघांकडे. ठेकेदाराने वेतन दिले नाही किंवा कमी दिले, तर मुख्य नियोक्त्याने, म्हणजे येथे महापालिकेने, उरलेली रक्कम कामगाराला द्यावी आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, आणि ती आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. म्हणून वेतन संहितेच्या कलम ४५ खालील वेतनदाव्याच्या अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा. एकाच अर्जात कितीही कामगार सामील होऊ शकतात आणि कामगार संघटनेलाही असा अर्ज करता येतो. थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार हा अर्ज ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. त्यासाठी मुदत तीन वर्षांची आहे. संहिता लागू होण्यापूर्वीच्या काळाबाबत मात्र सावध राहा, कारण जुन्या कायद्यांत ही मुदत सहा महिने ते वर्षभर एवढीच होती आणि पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होत असे. जुन्या थकबाकीची मागणी करा, सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा, पण सहा वर्षांची पूर्ण रक्कम मिळेलच असे आईंना सांगू नका.

त्या मुद्रांकित कागदावर सही करू नका. ज्यांनी केली असेल त्यांनीही घाबरू नये, कारण वेतनाचा किमान हक्क सोडून देणारा करार संहितेच्या कलम ६० नुसार रद्दबातल आहे. तरीही असा कागद पुराव्याच्या वेळी समोर आणून उलटतपासणीत त्रास दिला जातो, त्यामुळे सही झालेली असल्यास ती कोणत्या दिवशी, कोणासमोर आणि काय सांगून घेतली, हे आजच लिहून ठेवा.

अर्ज केला तर काम जाईल ही आईंची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. अशा गोष्टी मी पाहिल्या आहेत. एकटीच्या नावाने तक्रार गेली, की तिला बाजूला काढणे सोपे जाते, म्हणून अर्ज सामूहिकच करा, शक्यतो संघटनेमार्फत, आणि त्याची पोच घेतलेली प्रत पालिकेच्या घनकचरा विभागाला व लेखा विभागाला द्या. मुंबईतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयात २०१७ मध्ये टिकला, तो दीर्घ संघटित लढ्यानंतरच. कायम होण्याचा मार्ग वेगळा आणि लांबचा आहे. तो या अर्जात मिसळलात, तर वेतनाचा साधा सरळ दावाही त्यात अडकून पडेल.

ठेका ३१ मार्चला संपला, तरी दावा संपत नाही. पण ठेकेदाराची सुरक्षा अनामत आणि शेवटचे बिल अजून पालिकेच्या हातात आहे, आणि ते एकदा सुटले की वसुली कठीण होते. म्हणून कलम ४५ चा अर्ज मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच दाखल करा आणि त्याच दिवशी आयुक्तांना नोंदणीकृत डाकेने पत्र पाठवा, की वेतनाच्या थकबाकीचा दावा प्रलंबित असून त्याचा निकाल लागेपर्यंत अनामत परत करू नये व अंतिम बिलातून दाव्याइतकी रक्कम राखून ठेवावी. पत्रात प्रत्येक कामगार स्त्रीचे नाव, हजेरी क्रमांक आणि महिनावार रक्कम असू द्या.