जुन्या १६१२ ट्रकला हवेचा पेपर फिल्टर बसवताना मधला अ‍ॅडॅप्टर पीव्हीसीचा चालेल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: टाटा १६१२, ६९७ इंजिन, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही. जुना ऑइल बाथ (तेलात धूळ पकडणारा हवेचा फिल्टर) काढून कोरड्या पेपर फिल्टरचा डबा बसवायचाय. डब्याचं तोंड पाच इंची, इंजिनाकडचा पाइप चार इंची. लेथवाला जास्त पैसे सांगतोय, म्हणून प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी रिड्युसर, म्हणजे मोठ्या तोंडावरून लहानावर आणणारा तुकडा, घालावा का?

नाही. पीव्हीसी ऐंशी अंशाच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात आमच्या सोलापुरात सावलीतच चाळीस-बेचाळीस असतं, इंजिनाशेजारी किती होत असेल तुम्हीच बघा. मऊ पडलेल्या पाइपवर होजक्लिप (रबरी नळी आवळायची पट्टी) आवळली की तोंड अंडाकृती होतं, फट पडते, आणि तिथून पुढे त्या गाडीला फिल्टर असून नसल्यासारखा.

पण मी लिहायला बसलो ते "लेथवाला जास्त पैसे सांगतोय" या वाक्यामुळे. अक्कलकोट रोडला माझं लेथचं वर्कशॉप आहे. वडील याच लेथवर पॉवरलूमचे पार्ट करायचे, मी लूमचे आणि गाड्यांचे दोन्ही करतो. या एका रिड्युसरवरून आमच्या घरात मोठं भांडण झालेलं आहे, म्हणून सांगतो.

दाजींचा ट्रक ऊस सीझनला मंगळवेढ्याच्या बाजूला चालतो. शेतातला कच्चा रस्ता, पुढे गाडी, मागे गाडी, आणि काळ्या रानातली ती पिठासारखी धूळ. लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन, रिंगा सगळं नवीन टाकून हाफ इंजिन केलं, आणि त्याच वेळी मिस्त्रीनं ऑइल बाथ काढून पेपर फिल्टर बसवला. पुढचा सीझन अर्धा झाला नाही तोवर गाडी ऑइल खायला लागली. चढाला ओढेना, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर. मिस्त्रीनं बघितलं आणि निकाल दिला की पिस्टन डुप्लिकेट आहेत. दाजी तापले. "त्या दुकानदाराला सोडत नाही बे आता," म्हणून निघालेच होते. मी म्हटलं, दाजी, भांडायला नंतर जावा, आधी गाडी इकडं आणा.

मी इंजिनाला हातच लावला नाही. फिल्टर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) एवढाच पाइप उतरवला. मधला रिड्युसर पत्रा वळवून केलेला. जोडावर पत्र्यावर पत्रा ठेवून चार ठिकाणी टाके मारलेले, वरून एपॉक्सीची पुट्टी, त्यावर कापलेली ट्यूब गुंडाळून बाइंडिंग वायरनं आवळलेली. आत बोट फिरवलं. फिल्टरच्या बाजूला बोट स्वच्छ. जोडाच्या फटीपासून मात्र धुळीची रेघ सुरू झालेली, आणि ती रुंद होत होत थेट इंजिनाकडं गेलेली. दाजींना दाखवलं, मिस्त्रीला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "एवढ्याशा फटीनं काय होतंय बे?"

काय होतं ते सांगतो. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ५६७५ सीसी. फोर स्ट्रोक असल्यानं दोन फेऱ्यांत एकदा तेवढी हवा आत घेतं. मिनिटाला २५०० फेऱ्यांना, पूर्ण भरत नाही हे धरूनसुद्धा, सेकंदाला साधारण १०० लिटर हवा होते. ती सगळी ओढूनच घ्यायची असल्यामुळे फिल्टर आणि इंजिनाच्या मधल्या पाइपात कायम ओढ असते. तिथल्या फटीतून बाहेर काही येत नाही, फक्त आत जातं, तेही न गाळता. आणि फिल्टर जसजसा तुंबतो तसतशी ओढ वाढते, म्हणजे फट जास्तच पिते. ऐन धुळीच्या दिवसांत, जेव्हा फिल्टरची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच. आत गेलेली माती ऑइलमध्ये मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या ग्राइंडिंग पेस्टसारखी रिंगा आणि लायनरवर फिरत राहते.

मी त्यांना अ‍ॅल्युमिनियमचा ओतून घेतला. लाकडी पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) केला, लूमचे पार्ट ओतणाऱ्या ओळखीच्या फाउंड्रीतून कास्टिंग आणलं, आतून-बाहेरून लेथवर काढलं. इंजिन अर्थातच परत करावं लागलं, पण त्यानंतर ते सीझनमागून सीझन चाललंय. मिस्त्री आजही म्हणतो की दुसऱ्या वेळचे पिस्टन ओरिजिनल होते म्हणून टिकलं. दोन्ही वेळचा सेट एकाच दुकानातून, एकाच कंपनीचा आणलेला, बिलं दाजींकडं आहेत. बदलला तो फक्त मधला तुकडा.

आता तुमच्या तुकड्याचं. पाचावरून चारावर यायला लांबी निदान ९५-१०० मिमी ठेवा, म्हणजे टेपर सौम्य राहतो. पायरीसारखा अचानक लहान केला तर हवा तिथं घोळते. कुणी म्हणेल तीन इंची होज बाजारात पटकन मिळतो, मधे तो घाला, तर ऐकू नका. चार इंचात तीच हवा सेकंदाला साधारण १२ मीटरनं जाते, तीन इंचात २२ मीटरनं, आणि अडथळा तिपटीच्या वर जातो. दोन्ही टोकांना टेपर नसलेला सरळ भाग ४० मिमी तरी हवा, आणि काठाला दीड-दोन मिमीचा बीड, म्हणजे उंच गोल कडा. बीड नसेल तर होज हळूहळू सरकत बाहेर येतो. क्लिप बीडच्या मागं बसली पाहिजे, बीडवर नाही. टी-बोल्ट क्लॅम्प मिळाला तर सगळ्यात चांगलं.

ओतकाम परवडत नसेल तर लोखंडी पाइपचा करा, पण जोड अखंड वेल्ड करायला सांगा, टाके नकोत. वेल्डिंगचे आत उडालेले मणी आणि स्लॅग घासून, धुऊन काढल्याशिवाय बसवू नका. इंजिनाच्या बाजूचा तुकडा आहे, सुटलेला मणी थेट सिलिंडरमध्ये जाणार. आतून रंगही देऊ नका, पोपडे निघतात. झिंक प्लेटिंग करून घ्या. लेथवाल्याचा वेळ जातो तो यातच, पैसे त्याचेच सांगतोय तो.

अ‍ॅडॅप्टरवर डब्याचं वजन टाकू नका. डबा चासीवर, इंजिन रबर माउंटवर हलणार. मधे कापडाच्या थराचा जाड रबरी होज हवाच, नाहीतर कितीही चांगला तुकडा तडकेल. पातळ होज ओढीनं आत चिकटतो, तोही नको.

तपासणी केल्याशिवाय गाडी सोडू नका. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून आत दोन-तीन पीएसआय हवा भरा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. गाडीवर बसल्यावर इंजिन आयडलिंगला ठेवून फिल्टरच्या हवा घ्यायच्या तोंडावर सपाट फळी दाबा. हात अजिबात नको, फळीच. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. घुरघुरत चालूच राहिलं तर ते दुसरीकडून हवा घेतंय.

ओढ मोजायची असेल तर गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणा. यू आकारात मीटर-मीटरचे दोन पाय ठेवून अर्ध्यापर्यंत पाणी भरा, एक टोक अ‍ॅडॅप्टरवरच्या निपलला (नळी जोडायच्या छोट्या तोंडाला) जोडा. या डिझेलला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतो, त्यामुळे लोड नसतानाही फुल रेसला हवा पूर्ण जाते, यार्डात उभ्या गाडीवर मोजता येतं. दोन पातळ्यांतला फरक ५०० मिमीच्या जवळ गेला की साधारणपणे फिल्टर बदलायचा. नवीन फिल्टरवरच एवढा दिसला तर डबाच लहान आहे, अ‍ॅडॅप्टर बदलून उपयोग नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. काही गाड्यांत ब्रेकच्या कॉम्प्रेसरची सक्शन नळी याच पाइपवर असते. तुमच्यात असेल तर तिला निपल ठेवा, तोंड उघडं सोडू नका. आणि वरचे आकडे टर्बो नसलेल्या इंजिनाचे आहेत. टर्बोला हवा जास्त लागते, हा हिशेब त्याला लावू नका.

लेथवाल्याकडं जाताना दोन्ही तोंडांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं दोन दिशांनी मोजून न्या, जुनी तोंडं बहुतेक दबलेली असतात. टेपनं मोजलेलं माप मी तरी घेत नाही.