मनातल्या रियाजातही चूक होते, तेव्हा

वाद्य शिकणाऱ्यांकडून एक तक्रार मला वारंवार ऐकू येते. हात दुखेपर्यंत रियाज करूनही एखादी जागा बसत नाही, म्हणून कोणीतरी सुचवते की ती मनात वाजवून पाहा; आणि मनात वाजवू लागल्यावर तिथेही नेमकी तीच चूक होते. मग ‘आपले मनच कच्चे आहे’ असा निष्कर्ष काढून माणूस खचतो.

व्हायोलिन शिकणारी एक विद्यार्थिनी असाच निष्कर्ष घेऊन आली होती. एका द्रुत तानेत ती हमखास अडखळत असे.

“मॅडम, मनातसुद्धा चुकतेच. मग उपयोग काय?”

“मनात वाजवताना तू स्वतःला कुठून पाहतेस?”

“समोरून. मी मंचावर बसलेली असते आणि सगळे माझ्याकडे बघत असतात.”

“आणि व्हायोलिनचा आवाज?”

ती बराच वेळ गप्प राहिली. “आवाज येतच नाही.”

म्हणजे ती वाजवत नव्हतीच. ती स्वतःची परीक्षा घेत होती. मी समुपदेशनात विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे भावनेमागचे विचार तपासून, काम करते, त्यामुळे भावनेच्या तळाशी असलेला हट्ट शोधण्याची मला सवय आहे. ‘निदान कल्पनेत तरी मी चुकता कामा नये’ हा तिचा हट्ट होता. तो सैल करण्यात काही भेटी गेल्या. त्यानंतर एकदा मी तिला डोळे मिटून, स्वतःच्याच डोळ्यांनी डाव्या हाताकडे पाहत, निम्म्या लयीत ती तान मनात वाजवायला सांगितली. प्रत्येक सूर ऐकू आला पाहिजे आणि जिथे काही अंधुक होईल तिथे थांबायचे, एवढीच अट घातली.

मांडीवर तिची बोटे हलू लागली आणि एका ठिकाणी थबकली.

“इथे. इथे चौथे बोट लावायचे की हात वर सरकवून पहिले, हे मी ठरवलेलेच नाही. कधी हे होते, कधी ते.”

इतके महिने ती ज्याला हाताचा दोष समजत होती, तो न घेतलेला एक निर्णय होता. वेगात हात सवयीने काहीतरी करून वेळ मारून नेतो आणि ती उणीव कानाआड जाते. कल्पनेत मात्र जे ठाऊक नाही ते उमटतच नाही. म्हणून मनात होणारी चूक मी अपयश मानत नाही, दोषाचे निदान मानते, आणि हा दृष्टिकोन मला माझ्या कामातील सर्वांत उपयोगी गोष्टींपैकी एक वाटतो. तिने बोट ठरवले, आधी मनात आणि लगेच तारेवर वाजवले. तान काही दिवसांत बसली. श्रोत्यांची धास्ती उरली होती, तिच्यावर पुढे स्वतंत्रपणे काम केले.

केवळ कल्पनेने काय साधते, याचे उत्तर 1995 साली मेंदूशास्त्रज्ञ आल्वारो पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगातून मिळाले. पियानोवरील पाच बोटांचा एक पाठ काहींनी रोज दोन तास, पाच दिवस वाजवला. काहींनी तेवढाच वेळ तो फक्त मनात वाजवला. मेंदूतील बोटांच्या हालचालींशी निगडित भाग दोन्ही गटांत विस्तारला. वादनात मनातला गट मागे राहिला, तरी दोन तासांच्या एकाच प्रत्यक्ष सरावाने त्याने बहुतेक अंतर भरून काढले. याचा अर्थ वाद्य बाजूला ठेवावे असा मुळीच नाही. गजाचा दाब किंवा तारेचा ताण ज्याने कधी अनुभवलाच नाही, त्याच्यापाशी मनात आठवण्यासारखे काही नसते.

म्हणून अडलेली जागा लहान ठेवावी, ती मनात आणि वाद्यावर आळीपाळीने घ्यावी, आणि लक्ष भरकटू लागताच थांबावे. मनात चुकल्यास चूक पुसून पुढे पळू नये. तिथेच लय कमी करून योग्य बोट योग्य सुरावर ठेवावे. मनातला वेग हळूहळू प्रत्यक्ष वादनाच्या वेगाशी जुळवावा, कारण कल्पनेत घाई सहज खपते. ज्यांना मिटल्या डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही, त्यांनी चित्राचा आग्रह सोडून सुराच्या आवाजापासून किंवा बोटाखालच्या तारेच्या स्पर्शापासून सुरुवात करावी.