गिझरचा प्लग काळा पडलाय, पण एमसीबी पडत नाही

प्रश्न: आमचं घर मालवणजवळ, अगदी समुद्राला लागून. गेल्या गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले, घरात पंधरा माणसं, सकाळी गिझर, इंडक्शन, इस्त्री, किटली सगळं एकदम चालू झालं की एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच) पडायचा. मग वायरमनने 16 अँपिअरचा काढून 32चा बसवला, तेव्हापासून पडत नाही. पण हल्ली गिझरचा प्लग गरम लागतो, एक पिन काळी पडलीय, वासही येतो. सासूबाई म्हणतात, एमसीबी पडत नाही ना, मग चालू दे. काय करू?

उत्तर: ताई, आधी मेन बंद करा आणि तो गिझर दुरुस्त होईपर्यंत लावूच नका, दोन दिवस चुलीवर पाणी तापवा.

आता सासूबाईंसाठी. एमसीबी फक्त करंट किती जातोय ते बघतो, प्लग किती तापलाय ते त्याला कळतच नाही. आपल्याकडची खारी हवा पिनांवर, स्क्रूंवर बसते, तांब्यावर हिरवट थर येतो, जोड सैल होतो आणि तिथे रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. तुमचा गिझर 2000 वॅटचा असेल तर जवळपास 9 अँपिअर घेतो, आणि त्या जोडात नुसता अर्धा ओहम आला तरी तिथे 40 वॅटची उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री साधारण 25 वॅटची असते बघा, म्हणजे त्याहून जास्त उष्णता सोडणारी वस्तू तुमच्या सॉकेटच्या प्लास्टिकमध्ये बसलीय, आणि करंट वाढलेलाच नाही म्हणून 16चा असता तरी पडला नसता!

32चा बसवला ते मात्र चूकच (रागावू नका, पण हे गावोगाव चालतं, पूर्वी फ्यूजमध्ये जाड तार घालायचे तसंच). एमसीबी वायर वाचवायला असतो. आत 2.5 स्क्वेअर एमएमची वायर असेल तर ती आधी तापणार आणि एमसीबी बघत बसणार. त्यापेक्षा गिझरला वेगळी 4 स्क्वेअर एमएमची लाइन, त्याचा स्वतःचा 16चा एमसीबी आणि आयएसआय मार्कचं 16 अँपिअरचं नवीन सॉकेट घ्या, प्लगही नवा, काळी पिन घासून परत वापरायची नाही. अर्थिंग तपासून घ्या, जमलं तर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबीही बसवा, दमट भिंतीत करंटचं लीकेज पकडतो तो. आणि पावसाळा संपला की दरवर्षी मेन बंद करून वायरमनकडून बोर्डाचे स्क्रू आवळून घ्यायचे, हे घर शाकारण्यासारखंच धरा.

गणपतीत माटवीच्या (मूर्तीवर टांगलेल्या पानाफळांच्या चौकटीच्या) सुकल्या पानांना लायटिंगच्या माळा टेकवू नका, आणि एकाच एक्स्टेंशनला दुसरं जोडून तर अजिबात नाही, रात्री झोपताना माळा बंद.

कुठे पेट घेतलाच तर पाणी मारायचं नाही, पोचता आलं तर मेन पाडा, थोडंच असेल तर वाळू टाका, पण कोरडी, किनाऱ्यावरची ओली नको. भडकलं तर सगळे बाहेर आणि 101.