चारांचं एक करू नका (स्वतः केलंय म्हणून सांगतोय)

तुमची पोस्ट वाचताना माझीच जुनी वही कुणीतरी उघडून समोर ठेवल्यासारखं झालं. मत्तय, मार्क, लूक, योहान या चारही शुभवर्तमानांतून (बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांतून) येशूचं एकच सलग चरित्र जुळवताय, एक्सेलमध्ये ११२ ओळी झाल्यात, आणि मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलण्याच्या प्रसंगापाशी गाडी अडलीय. योहानात तो दुसऱ्याच अध्यायात, बाकी तिघांत शेवटच्या आठवड्यात. ‘नेमका कुठे टाकू?’ असं विचारलंत. माझ्या तक्त्यात १८६ ओळी होत्या. मी ‘मंदिर-१’ आणि ‘मंदिर-२’ अशा दोन ओळी करून मोकळा झालो होतो, आणि वर स्वतःला हुशार समजत होतो.

आधीच सांगतो, मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही, जन्माने ख्रिस्ती नाही, ग्रीक येत नाही. बँकेतून निवृत्त झालेला हौशी वाचक आहे. श्रद्धेने वाचणाऱ्या कुणाला यातलं काही खटकलं तर माफी असावी. शुभवर्तमानं कुणी लिहिली, कधी लिहिली, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही.

तर माझी चूक. एका संस्थेच्या संध्याकाळच्या वर्गासाठी ४० पानी परिचय-पुस्तिका लिहायचं मी कबूल केलं. त्यांच्या ऑफिसची एकच अट होती : गोष्ट सलग हवी, वाचकाचा गोंधळ नको. मला ती अगदी पटली. तक्ता होताच. त्यातली १४१ क्रमांकाची ओळ अजून पाठ आहे : ‘मरीया मग्दालीया, पूर्वायुष्यात पापी, बेथानीत शिमोनाच्या घरी येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते.’ एका ओळीत चार अध्याय बसवले म्हणून खूश होतो.

छपाईआधी वर्गात मजकूर वाचून दाखवला. मागच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका बसायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. त्यांनी हात वर केला. ‘मार्कात येशू म्हणतो की जगात जिथे जिथे सुवार्ता सांगतील तिथे हिने केलेलं हिची आठवण म्हणून सांगतील. मग मार्काने हिचं नाव का नाही लिहिलं? आणि त्याने नाही लिहिलं, तर तुम्हाला कुठून मिळालं?’

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन चारही उतारे पहिल्यांदा नीट, एकेक करून वाचले. मार्काच्या १४व्या अध्यायात बेथानी गावात कुष्ठी शिमोनाच्या घरी जेवण चाललंय. एक अनाम बाई येते, कुपी फोडते आणि तेल येशूच्या डोक्यावर ओतते. मत्तयाच्या २६व्यात जवळजवळ तेच. लूकच्या ७व्यातही शिमोन आहे, पण तो परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, आणि प्रसंग गालील प्रांतातल्या दिवसांचा, म्हणजे शेवटच्या आठवड्याच्या बराच आधीचा. तिथली बाई गावाला पापी म्हणून माहीत आहे. ती रडते, आसवांनी पाय भिजवते, केसांनी पुसते. योहानाच्या १२व्यात पुन्हा बेथानी, पण बाईला नाव आहे, मार्था आणि लाजर यांची बहीण मरीया. मग्दालीयेचा या चारही ठिकाणी पत्ता नाही. तिचं नाव लूक पुढच्या, ८व्या अध्यायाच्या सुरुवातीला घेतो, तेही येशूबरोबर फिरणाऱ्या आणि पदरमोड करून सगळ्यांचा खर्च चालवणाऱ्या बायकांमध्ये. तिच्यातून सात भुतं निघाली असं तो सांगतो. बदचालीचं एक अक्षर नाही.

माझी चूक चौदाशे वर्षं जुनी निघाली. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप पहिला ग्रेगरी यांनी एका प्रवचनात मग्दालीया, लूकमधली पापी बाई आणि बेथानीची मरीया या तिघी एकच असं सांगितलं आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ते रुजलं. पूर्वेकडच्यांनी मानलं नाही. कॅथलिक पंचांगात मग्दालीयेच्या सणाला, २२ जुलैला, लूकमधल्या पापी स्त्रीचाच उतारा वाचत. १९६९च्या फेररचनेनंतर तो जाऊन योहानातला कबरीपाशी रडणाऱ्या मरीयेचा आला. म्हणजे चर्चने जे सोडून दिलं होतं ते मी पुण्यात बसून हौसेने परत जोडत होतो.

नावाची चूक एकवेळ सोडा. जोडताना प्रत्येक लेखकाचं म्हणणंच मी पुसून टाकलं होतं, त्याचं काय? मार्क हा प्रसंग कुठे ठेवतो बघा. त्याच्या आधी मुख्य याजक येशूला मारायचा घाट घालतात, लगेच नंतर येशूचाच शिष्य यहूदा त्याला धरून द्यायला जातो आणि याजक त्याबद्दल पैसे द्यायचं कबूल करतात. मधे ही बाई तीनशे दिनारांहून महाग तेल एका दमात ओतून टाकते. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. मत्तयातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर ठरलेला आहे. म्हणजे वर्षभराची मजुरी. शिवाय तेल डोक्यावर ओततात ते राजाच्या, आणि ‘ख्रिस्त’ या शब्दाचा अर्थच अभिषिक्त. अख्ख्या मार्कात त्याला तेलाचा अभिषेक करणारी ही एकच व्यक्ती, आणि तो म्हणतो, हिने माझ्या दफनाची तयारी केली. लूकमध्ये यातलं काही नाही. तिथे येशू दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो, एकाचं देणं ५०० दिनार, दुसऱ्याचं ५०, सावकाराने दोघांचंही सोडलं, आता जास्त प्रेम कोण करील? ती गोष्ट यजमानाच्या डोळ्यांत अंजन घालायला आहे. मी दोन्ही एकत्र ढवळली आणि ना अभिषेक राहिला ना कर्ज. उरली एक रडणारी बाई.

आता ऑफिस. नाव घेत नाही. चूक कळल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बदललेलं पान घेऊन गेलो. उत्तर मिळालं, ‘फाइल प्रेसला गेली.’ प्रेसला फोन करतो म्हटलं तर नंबर देता येत नाही. लेखी अर्ज द्या. दिला. अर्जावर शेरा आला की मजकुरातल्या बदलाला अधिकृत व्यक्तीचं पत्र हवं. जवळच्या चर्चमधले फादर म्हणाले, पुस्तिका संस्थेची, पत्र मी कसं देऊ? संस्था म्हणाली, विषय त्यांचा, पत्र त्यांनीच द्यायला हवं. यात पाच महिने गेले. तोवर ५०० प्रती छापून आल्या. निदान शुद्धिपत्र तरी लावा म्हटलं, तर त्याला समितीची बैठक लागते. ती बैठक अजून व्हायची आहे. माझ्या वाट्याच्या ६० प्रतींत मी डिंकाची बाटली घेऊन रविवारभर चिठ्ठ्या चिकटवल्या. बाकीच्या ४४० कुठेतरी त्या बाईची बदनामी करत हिंडतायत. फुकटचा सल्ला : कुठल्याही ऑफिसला हस्तलिखित देताना पोच घ्याच, आणि शेवटचं प्रूफ आपल्या सहीशिवाय छापणार नाही असं आधी लिहून घ्या.

सलग गोष्ट करणं मुळातच वाईट, असं मात्र माझं म्हणणं नाही. दुसऱ्या शतकात ताशियनने चार शुभवर्तमानं विणून एक केलं आणि सिरियाक भाषेच्या चर्चमध्ये ते बराच काळ चाललं. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने आपल्या भागातल्या दोनशेहून जास्त प्रती गोळा करून त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमानं ठेवली. आपल्याकडे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण ओव्यांमध्ये केलं, तेही सलगच. पण त्यांना नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकवायचं होतं. तुम्हाला कोण काय म्हणतो ते समजून घ्यायचंय, असं तुम्हीच लिहिलंय. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचन होतं, तेही जोडकामच. सातही उद्गार कुठल्याच एका पुस्तकात नाहीत : मार्क-मत्तयात एकच, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’, लूकमध्ये तीन, योहानात तीन. मार्कातला तो एकटा आक्रोश तसा एकटाच वाचून बघा, अंगावर येतो.

माझ्या मते (फक्त माझ्या) मत्तयापासून सुरू करू नका, वंशावळीतच दम जातो. मार्क घ्या. १६ अध्याय, दीड तासात एका बैठकीत होतो. १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनापाशी थांबा, सर्वांत जुन्या पूर्ण प्रती तिथेच संपतात : बायका कबरीपासून पळत सुटतात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. मग आठवड्याला एक पुस्तक. शेजारी शेजारी ठेवणं त्यानंतर, रंगीत पेन्सिली घेऊन, आणि जिथे शब्द बदलतो तिथेच खूण करायची. लूक म्हणतो दीन धन्य, मत्तय म्हणतो आत्म्याने दीन ते धन्य. या एका शब्दावर माझा एक आख्खा पावसाळा गेला.

थोडं अवांतर. मराठी बायबलात त्या तेलाला जटामांसी म्हटलंय, आणि ती मुळी आपल्या हिमालयातलीच. रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून ५० ग्रॅम आणली. मातीचा आणि जुन्या लाकडी कपाटाचा मिळून असतो तसला उग्र वास. घर वासाने भरून गेलं असं योहान लिहितो, त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. बायकोने डबा दोन दिवस गॅलरीत ठेवायला लावला.

राहिली तुमची मंदिराची ओळ. मार्कात व्यापाऱ्यांना हाकलल्यावर लगेच याजक त्याला मारायची वाट शोधू लागतात, म्हणून तो प्रसंग शेवटीच हवा. योहानात त्याला मारायचा निर्णय मेलेल्या लाजराला त्याने जिवंत उठवल्यामुळे होतो, त्यामुळे मंदिर सुरुवातीला येऊ शकतं. दोन्ही ओळी राहू द्या, ज्याची त्याच्या कॉलममध्ये. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये उजवीकडे ‘अंतिम क्रम’ नावाचा पिवळा कॉलम दिसतोय, तेवढा काढून टाका.