वस्तूंची हौस आहे म्हणजे पर्यावरणाची काळजी खोटी का?

हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात. मध्यंतरी समुपदेशनासाठी तिशीतली एक क्लायंट आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), म्हणाली, मॅडम मला भारी वस्तू आवडतात, नवीन फोन आला की हवाच असतो, पण मी इको-फ्रेंडली वस्तूपण आवर्जून घेते आणि माझी बहीण म्हणते हे सगळं तुझं ढोंग आहे, तर खरंच ढोंग आहे का हो? बोलता बोलता डोळे भरून आले तिचे.

मी म्हटलं ढोंग हा शब्द आधी बाजूला ठेवा. इको-फ्रेंडली म्हणून काय काय घेतलंत ते लिहा, आणि घ्यायचं मनात येऊन राहून गेलं तेही लिहा. पहिल्या यादीत स्टीलची बाटली, रिसायकल केलेल्या प्लास्टिकचे शूज, कापडी पिशव्या, त्याही एकीवर एक छान छान. दुसरीत साबणाचा रिफिल पॅक, कमी वीज खाणारा फ्रिज, जुन्या फोनची बॅटरी बदलून घेणं. थोडा वेळ कागदाकडे बघत बसली आणि स्वतःच म्हणाली, पहिल्या यादीतलं सगळं लोकांना दिसतं.

अगदी हेच आहे बघा. रिचिन्स आणि डॉसन या संशोधकांनी 1992 मध्ये भौतिकवादी वृत्ती, म्हणजे ही वस्तूंची हौस, मोजायची एक प्रश्नावली केली, त्यात तीन गोष्टी बघतात, वस्तू मिळवणं आयुष्यात किती महत्त्वाचं वाटतं, वस्तूंवरून यश मोजता का, आणि वस्तूंनी सुख मिळेल असं वाटतं का. ही वृत्ती जास्त असली की पर्यावरणाची आस्था साधारणपणे कमी दिसते, 2013 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला त्यातही हेच आलं. पण 2010 च्या एका अभ्यासात असं दिसलं की प्रतिष्ठेचा विचार मनात जागा असला की लोक उलट ग्रीन वस्तूच निवडतात, फक्त खरेदी चारचौघांत असली पाहिजे आणि ती वस्तू साध्या वस्तूपेक्षा महाग असली पाहिजे. म्हणजे हौस ग्रीन खरेदीच्या आड येतेच असं नाही, पण कुठली ग्रीन वस्तू घ्यायची ते बहुतेक वेळा तीच ठरवते. आणि ज्या सवयींनी खरा फरक पडतो, कमी घेणं, आहे ते टिकवणं, त्या कुणाला दिसत नाहीत म्हणून मागे पडतात.

पिशव्यांचंच घ्या. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018 च्या अहवालानुसार सुती पिशवीचा भार साध्या प्लास्टिक पिशवीइतका खाली यायला, नुसता हवामानावरचा परिणाम धरला तरी, ती निदान 52 वेळा वापरावी लागते. हिच्याकडे ढीग होता आणि निम्म्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती!

खरेदीआधी एकच प्रश्न विचारायचं ठरलं, हे कुणालाच दिसणार नसेल तरी घेईन का. हौस सोडा असं मी सांगितलं नाही, सांगतही नाही, कारण मन असुरक्षित झालं की माणूस वस्तूंकडे आणखी वळतो आणि बहिणीच्या टोमण्यांनी हिचं तेच होत होतं, भांडण झालं की रात्री ऑनलाइन ऑर्डर ठरलेली. म्हणून एका सेशनला बहिणीलाही बोलावलं, दोघी बऱ्याच मोकळ्या बोलल्या. फोनची बॅटरी बदलून झाली. फ्रिज मात्र चालतोय तोवर बदलायचा नाही आणि बिघडला की कमी विजेचाच घ्यायचा असं तिचं ठरलंय, मला ते पटलं.